वायफाय बंद केलं तरी बंद का होत नाही, आणि ते खरंच बंद कसं करायचं

आईचा फोन रात्री अपडेट झाला आणि सकाळी ती म्हणाली, "अरे माझं वायफायचं बटण गेलं." गेलं नव्हतं, इंटरनेट नावाच्या एका नव्या बटणाच्या आत जाऊन बसलं होतं. आधी एकदा बोट लावलं की काम व्हायचं, आता बोट लावलं की खालून एक पट्टी वर येते, त्यात मोबाइल डेटा, वायफाय, आजूबाजूची नेटवर्कं असं सगळं एकत्र आणि त्यातून आपल्याला हवं ते शोधायचं. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आपल्याला आता हे जमत नाही. मला खरा राग याचा येतो. बटणं बदलतात कंपन्या आणि वापरणारा माणूस स्वतःला अडाणी समजायला लागतो. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगतो की तुमचं काहीही चुकलेलं नाही, बटणं खरंच बदलली आहेत, आणि काही फोनवर तर बटण बंद दिसतं पण आतली गोष्ट बंद झालेलीच नसते.

मी हे सगळं आईसाठी, मग माझ्या स्वतःच्या फोनसाठी बसून नीट समजून घेतलं, ते इथे लिहितोय. थोडं लांब आहे पण एकदा वाचून फोन हातात घेऊन करून बघा.

आधी एक चाचणी करा, दोन मिनिटांची. वरून पडदा खाली ओढा, वायफायच्या बटणावर टॅप करा म्हणजे ते विझेल (आईसारखं फक्त इंटरनेटचं बटण असेल तर ते दाबून आतला वायफायचा स्विच बंद करा). आता पडदा बंद करून फोनच्या सेटिंग्जमध्ये जा, वायफाय उघडा आणि तिथला मोठा स्विच बघा. तो बंद असेल तर तुमचं बटण खरंच बंद करतं, प्रश्न मिटला. तो अजून चालू असेल तर तुमचं बटण फक्त आत्ताचं कनेक्शन तोडतं, वायफायचा रेडिओ, म्हणजे फोनमधला लहरी पाठवणारा-घेणारा भाग, आतून चालूच राहतो. ब्लूटूथचंही असंच करून बघा. ही चाचणी महत्त्वाची आहे कारण आपल्या डोक्यात दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद, आणि आजच्या फोनमध्ये तीन आहेत: चालू, तात्पुरतं तुटलेलं, आणि बंद. बहुतेक सगळा गोंधळ त्या मधल्या अवस्थेमुळे होतो.

आयफोनपासून सुरू करतो कारण ही मधली अवस्था तिथे सगळ्यात ठळक आहे. आयओएस (आयफोनची सिस्टिम) ११ सप्टेंबर २०१७ मध्ये आलं तेव्हापासून कंट्रोल सेंटरमधलं, म्हणजे आयफोनच्या बटणांच्या पडद्यातलं, वायफाय आणि ब्लूटूथचं बटण दाबलं की ते बंद होत नाही, फक्त जोडलेलं तुटतं. वायफायच्या बाबतीत फोन आत्ताच्या नेटवर्कवरून उतरतो आणि आजूबाजूच्या नेटवर्कना आपोआप जोडणं थांबवतो, पण एअरड्रॉप (जवळच्या फोनला फाइल पाठवणं), एअरप्ले (फोनवरचं टीव्हीवर किंवा स्पीकरवर लावणं), ॲपल वॉच, हँडऑफ (एका उपकरणावरचं काम दुसऱ्यावर पुढे नेणं) ह्या गोष्टी चालत राहाव्यात म्हणून रेडिओ जागाच ठेवला जातो. आणि हे तात्पुरतं म्हणजे किती वेळ? तर तुम्ही स्वतः परत चालू करेपर्यंत, किंवा तुम्ही चालत किंवा गाडीने दुसऱ्या जागी जाईपर्यंत, किंवा फोन रीस्टार्ट होईपर्यंत, नाहीतर पहाटेचे ५ वाजेपर्यंत. हो, पहाटेचे ५, फोन जिथे आहे तिथल्या घड्याळाप्रमाणे. रात्री झोपताना वायफाय बंद केलं आणि सकाळी चालू दिसलं असं ज्यांना होतं, आणि घरात कोणी फोनला हात लावला का म्हणून जे विचारत बसतात, त्यांनी हे लक्षात ठेवा. कोणी हात लावलेला नसतो. ब्लूटूथसुद्धा पहाटे ५ ला परत जोडायला तयार होतं.

आता बटणाचा रंग वाचायला शिका, एवढं जमलं तरी अर्धं काम झालं. निळं असेल तर चालू. रंग गेलाय पण चिन्ह आख्खं आहे, त्यावर रेघ नाही, तर तात्पुरतं तुटलेलं. चिन्हावर तिरकी रेघ मारलेली दिसली तर खरंच बंद. मला वाटतं की इतका मोठा फरक एका बारीक रेघेवर सोडणं बरोबर नाही, ज्यांना जवळचं कमी दिसतं त्यांना ती रेघ दिसतसुद्धा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आयओएस ११.२ आलं तेव्हा पहिल्यांदा बटण दाबल्यावर उद्यापर्यंत तुटलेलं राहील अशी एक सूचना यायला लागली, पण ती सारखी येत नाही, एकदा वाचली न वाचली आणि गेली.

आयफोनवर खरंच बंद करायचं असेल तर सरळ रस्ता म्हणजे सेटिंग्ज, मग वायफाय, मग वरचा स्विच. ब्लूटूथचंही तसंच. तिथून बंद केलेलं पहाटे पाचला उठत नाही. पण रोज कोण एवढं आत जाणार, म्हणून एक छोटी वाट सांगतो जी पुष्कळांना माहीत नसते. होम स्क्रीनवरच्या सेटिंग्जच्या आयकॉनवर बोट दाबून धरा. एक छोटी यादी येते, त्यात वायफाय, ब्लूटूथ, मोबाइल डेटा आणि बॅटरी असतं, तिथून थेट त्या पानावर. याला नवीन काही बसवावं लागत नाही, काही बिघडायची भीती नाही, त्यामुळे मी सगळ्यांना आधी हेच शिकवतो.

रोज बंद-चालू करणारे असाल तर शॉर्टकट्स ॲप वापरा. ते उघडून नवीन शॉर्टकट करा, क्रियांच्या यादीत सेट वायफाय शोधा, ती घेतल्यावर तिथे ऑन असं लिहिलेलं असेल त्याच्यावर टॅप करून ऑफ करा, नाव द्या आणि होम स्क्रीनवर टाका. हा शॉर्टकट पूर्ण बंद करतो, अर्धवट नाही. तसाच ब्लूटूथचा दुसरा. आणि २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून कंट्रोल सेंटर आपल्या मनासारखं मांडता येतं, त्यात शॉर्टकटसुद्धा ठेवता येतो, म्हणजे जुन्या बटणाच्या शेजारी तुमचं स्वतःचं खरं बंद करणारं बटण. कंट्रोल सेंटर उघडून वर डाव्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबलं की मांडणी बदलायची सोय येते. त्याच आयओएस १८ मध्ये कंट्रोल सेंटरची पानं झाली, वर सरकवत गेलं की कनेक्शनचं वेगळं पान येतं, सुरुवातीला चुकून तिथे पोचलात तर घाबरू नका, परत खाली सरकवा.

हे का केलं असेल? घड्याळ, कानातले, फाइल पाठवणं, हरवलेला फोन शोधणं हे सगळं आता ह्या रेडिओंवर उभं आहे, आणि लोक एकदा बंद करून विसरले की मग घड्याळ का चालत नाही, फाइल का जात नाही म्हणून हैराण होतात. हे कारण मला पटतं. मला न पटणारी गोष्ट एवढीच की बटणाने मी काय केलं ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि हे फक्त माझंच म्हणणं नाही, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्येच ह्या अर्धवट बंद होण्यावर जाहीर टीका केली होती की हे दिशाभूल करणारं आहे आणि सुरक्षेसाठी वाईट आहे. तेव्हाचा काळ आठवा, आयओएस ११ आलं त्याच महिन्यात ब्लूबोर्न नावाच्या ब्लूटूथमधल्या त्रुटी उघड झाल्या होत्या, ज्यात समोरच्या फोनशी पेअरिंग (दोन उपकरणांची परवानगी घेऊन जोडणी) न करता, नुसतं ब्लूटूथ चालू आहे एवढ्यावर हल्ला करता येत होता. आयओएस १० आणि पुढच्या आयफोनना त्यातून धोका नव्हता, अँड्रॉइड, विंडोज, लिनक्स यांना होता, नंतर दुरुस्त्या आल्या. पण मुद्दा तोच राहतो की ज्याने विचार करून ब्लूटूथ बंद केलं त्याचं ते बंदच झालं पाहिजे.

आता अँड्रॉइड. इथे एक अडचण अशी की प्रत्येक कंपनीचा पडदा वेगळा, त्यामुळे मी सांगतो ते नाव तुमच्या फोनवर थोडं वेगळं असू शकतं, सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर शोधायची जागा असते तिथे वायफाय टाइप करून शोधलं तर बहुतेक सापडतं.

हा बटणांचा घोळ अँड्रॉइडवर पहिल्यापासून आहे. पडद्यातली ही बटणं मूळ अँड्रॉइडमध्ये आली ती २०१२ साली, अँड्रॉइड ४.२ मध्ये, आणि तेव्हा वायफायवर टॅप केलं तर वायफाय बंद व्हायचंच नाही, सेटिंग्ज उघडायची! पुढे ४.२.२ मध्ये दाबून धरलं की बंद-चालू होतं अशी सोय केली. नंतर ते उलटं झालं, टॅप केलं की बंद-चालू आणि दाबून धरलं की सेटिंग्ज, आणि लोकांच्या बोटांना तीच सवय लागली. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं आणि वायफाय आणि मोबाइल डेटा ही दोन बटणं काढून एकच इंटरनेट नावाचं बटण केलं. वर्षानुवर्षांची बोटाची सवय एका रात्रीत मोडली. गूगलचं म्हणणं असं की वायफाय हळू चालत असलं की लोक ते बंद करून मोबाइल डेटावर जातात आणि परत चालू करायला विसरतात, मग सगळा डेटा संपतो.

त्यांच्या ह्या विचारातून निघालेली एक सोय मात्र चांगली आहे आणि ती कोणी सांगतच नाही. इंटरनेट बटण दाबल्यावर जी पट्टी येते त्यात सगळ्यात वर तुमच्या सिमच्या कंपनीचं नाव असतं. वायफाय रखडलं असेल तर वायफायचा स्विच बंद करू नका, त्या नावावर टॅप करा. फोन तेवढ्यापुरता मोबाइल डेटावर जातो आणि वायफाय चालूच राहतं, म्हणजे नंतर परत चालू करायची आठवण ठेवावी लागत नाही. मी आता हेच करतो, आणि खरं सांगायचं तर ह्या एका कामापुरती नवीन पद्धत जुन्यापेक्षा बरी आहे. पण ज्याला फक्त वायफाय बंद करायचंय त्याला दोन टॅप लागतात ते लागतातच, पट्टी उघडायची आणि वायफायचा स्विच सरकवायचा.

काही कंपन्यांनी आपल्या फोनवर दोन्ही बटणं वेगळी ठेवली आहेत, सॅमसंगवर वायफाय आणि मोबाइल डेटा वेगवेगळं दिसतं. तुमच्या फोनवर वेगळं बटण आहे का हे बघायला पडदा पूर्ण खाली ओढा, पेन्सिलचं चिन्ह दाबा, खाली न वापरलेल्या बटणांची यादी असते तिच्यात शोधा आणि सापडलं तर वर ओढून पहिल्या चार जागांत आणून ठेवा. वेगळं नसेल तर निदान इंटरनेटचं बटण तरी पहिल्या जागेवर आणा. पहिली जागा म्हणजे पडदा अर्धा ओढला तरी दिसेल ती, तेवढाच एक ओढा वाचतो.

सॅमसंगवाल्यांसाठी अजून एक, वन यूआय (सॅमसंगने अँड्रॉइडवर चढवलेलं स्वतःचं रूप) ७ पासून वरचा पडदा दोन भागांत फाटला आहे, डावीकडून किंवा मधून ओढलं की नोटिफिकेशन आणि उजव्या कोपऱ्यातून ओढलं की बटणं. बटणंच दिसत नाहीत असं ज्यांना झालं त्यांनी उजव्या कोपऱ्यातून ओढून बघा. जुनं हवं असेल तर तिथेच पेन्सिल दाबा, पॅनल सेटिंग्जमध्ये जा आणि टुगेदर निवडा, पडदा पहिल्यासारखा एकत्र होतो.

ब्लूटूथमध्येही बदल झालाय. अँड्रॉइड १५ असलेल्या बऱ्याच फोनवर ब्लूटूथच्या बटणावर टॅप केलं की जोडलेल्या वस्तूंची एक छोटी खिडकी येते, तिच्यात वर स्विच असतो आणि तो बंद केला की उद्या आपोआप परत चालू करा अशा अर्थाचा पर्याय दिसतो. हाच तो, म्हणजे आयफोनवरचं पहाटेचं प्रकरण आता इकडेही आलं, फक्त इकडे ते समोर लिहिलेलं असतं आणि तुम्हाला नको म्हणता येतं, त्यामुळे मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. तो पर्याय बंद केला की ब्लूटूथ तुम्ही चालू करेपर्यंत बंदच राहतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, जुनं बटण परत आणतो म्हणणारी ॲप शोधत बसू नका. अँड्रॉइड १० पासून बाहेरच्या नवीन ॲपना वायफाय परस्पर बंद-चालू करायची मुभा काढून घेतली आहे आणि अँड्रॉइड १३ पासून ब्लूटूथचीही. म्हणजे असं ॲप फार तर तीच सिस्टिमची पट्टी उघडून देणार, आणि त्याच्या बदल्यात जाहिराती आणि नको त्या परवानग्या मागणार. मीही दोन-तीन टाकून बघितली, एकही कामाचं निघालं नाही.

आता अजून एक तक्रार: मी सेटिंग्जमध्ये जाऊन नीट बंद केलं, तरी घरी आलो की वायफाय आपोआप चालू. ह्याला कारण एक वेगळी सेटिंग. सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, इंटरनेट, मग खाली नेटवर्क प्राधान्ये, तिथे वायफाय आपोआप चालू करा असा स्विच असतो. तो चालू असला की सेव्ह केलेल्या चांगल्या नेटवर्कजवळ आलात की फोन स्वतः वायफाय उठवतो. सॅमसंगवर हे वायफायच्या पानावर तीन ठिपके दाबून ॲडव्हान्स्ड किंवा इंटेलिजंट वायफायमध्ये सापडतं. विसराळू माणसासाठी ही सोय सोन्यासारखी आहे, ती सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही. आईच्या फोनवर मी ती मुद्दाम चालू ठेवली आहे, माझ्या फोनवर बंद.

आणि ज्यांना खरंच सगळं शांत हवंय त्यांच्यासाठी, वायफाय बंद असतानाही अँड्रॉइड फोन जागा शोधण्यासाठी आजूबाजूची वायफाय आणि ब्लूटूथ उपकरणं चाचपत राहू शकतो. वायफायची ही सोय २०१३ पासून, अँड्रॉइड ४.३ पासून आहे. सेटिंग्ज, लोकेशन, लोकेशन सर्व्हिसेस, तिथे वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग असे दोन स्विच आहेत. बंद केले तर नकाशावर तुमची जागा इमारतीच्या आत थोडी कमी अचूक दिसेल, आणि वायफाय आपोआप चालू होणंही थांबेल कारण ते ह्याच्यावरच चालतं. एवढं माहीत असू द्या मग ठरवा.

एअरप्लेन मोडवर तर जवळजवळ सगळ्यांचा गैरसमज आहे. आपल्याला वाटतं तो दाबला की सगळं बंद. पूर्वी तसंच होतं. पण अँड्रॉइड ११ पासून ब्लूटूथ हेडफोन किंवा श्रवणयंत्र जोडलेलं असेल तर एअरप्लेन मोड लावल्यावर ब्लूटूथ चालूच राहतं, म्हणजे गाणं मध्येच तुटत नाही. आयफोनवर तर फोन लक्षात ठेवतो, एकदा तुम्ही एअरप्लेन मोडमध्ये असताना वायफाय किंवा ब्लूटूथ हाताने चालू केलं की पुढच्या वेळी एअरप्लेन मोड लावला तरी ते चालू राहील, तुम्ही परत हाताने बंद करेपर्यंत. तेव्हा विमानात बसल्यावर किंवा झोपताना एअरप्लेन मोड लावला की चिन्हं एकदा डोळ्यांनी बघा.

उलट त्रासही असतो, वायफाय चालू आहे, चिन्ह दिसतंय, तरी मोबाइल डेटा उडतोय. आयफोनवर वायफाय असिस्ट बघा, ते सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर अगदी तळाशी असतं, यादी सगळी खाली सरकवावी लागते म्हणून सापडत नाही. वायफाय कमजोर झालं की ते गुपचूप मोबाइल डेटा वापरतं, २०१५ च्या आयओएस ९ पासून आहे आणि मुळातच चालू असतं. सॅमसंगवर इंटेलिजंट वायफायमध्येच मोबाइल डेटावर जा अशा अर्थाचा स्विच आहे. डेटा मोजून वापरणाऱ्यांनी हे दोन्ही बंदच ठेवावेत.

फोन बदलल्यावर किंवा अपडेटनंतर एखाद्याच वायफायला जोडत नसेल आणि त्या राउटरवर ठराविक उपकरणांनाच परवानगी दिलेली असेल तर दोष बटणाचा नाही. आयओएस १४ आणि अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतःचा खरा हार्डवेअर पत्ता (नेटवर्कवरची फोनची कायमची ओळख) न देता बनवलेला पत्ता देतात, तुमचा माग काढता येऊ नये म्हणून. त्या एका घरच्या नेटवर्कसाठी प्रायव्हेट ॲड्रेस बंद करा, बाकी ठिकाणी चालू राहू द्या.

एवढं सगळं करूनही अडलंच तर नेटवर्क सेटिंग्ज रीसेट. आयफोनवर जनरलमध्ये खालच्या बाजूला ट्रान्सफर ऑर रीसेट, अँड्रॉइडवर सिस्टिममध्ये रीसेटचे पर्याय. फोटो, मेसेज जात नाहीत, पण सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड आणि पेअर केलेली उपकरणं पुसली जाऊ शकतात, म्हणून आधी पासवर्ड लिहून घ्या आणि मगच बोट लावा. हा उपाय शेवटचा. अपडेटनंतर बटण सापडत नाही एवढ्यासाठी कोणी रीसेट करायला सांगितलं तर ऐकू नका.

आईच्या फोनवर मी शेवटी तीनच गोष्टी केल्या. इंटरनेटचं बटण पहिल्या जागेवर आणलं, ब्लूटूथ दुसऱ्या, आणि बाकीची आठ-दहा बटणं जी ती कधीच वापरत नाही ती पडद्यावरून काढून टाकली. मग तिच्या हातात फोन देऊन मी काहीही न दाबता तिला पाच वेळा बंद-चालू करायला लावलं, कारण मी करून दाखवलं की तिला कळल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. एका कागदावर तिच्याच अक्षरात लिहून घेतलं, "इंटरनेट दाबायचं, मग वायफायचा स्विच", तो कागद फोनच्या कव्हरच्या आत ठेवलाय. परवा तिने तो न बघता केलं.